वासराच्या वाटणीचं दूध

सन्माननीय अध्यक्ष मुखरूभाऊ, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या या जनावरांच्या दवाखान्याचे मावळते प्रमुख डॉक्टर हरिदास बोरकुटे सर, सरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, आणि जेवणाच्या मांडवाकडे एक डोळा ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून दिली. "गाईचं दूध न काढणाऱ्या घरातली डॉक्टर, करिश्मा हिचामी, जिला बोरकुटे सरांनी घडवलं." आपण हसलात, टाळ्याही वाजवल्या. हा विनोद मूळ सरांचा. दरवर्षीच्या स्नेहसंमेलनात ते तो सांगतात आणि दरवेळी अर्ध्यावरच थांबतात. सर आज जात आहेत, तेव्हा उरलेला अर्धा मी सांगते. सरांचं काहीही अपुरं राहू नये, ही आम्हा सर्वांचीच इच्छा आहे.

मी पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते. या दवाखान्यात प्रत्यक्ष उपचार शिकण्यासाठी विद्यार्थ्याची एकच जागा असते, तिची मुलाखत होती. वाघाने, बिबट्याने फाडलेली गुरं इथे जेवढी येतात तेवढी दुसरीकडे येत नाहीत. आमच्या धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांना नेमकं त्याच कामाचं माणूस हवं होतं. म्हणून मला हीच जागा हवी होती, दुसरी नाही.

आईला, नीलाबाईला, घेऊन एसटीने आले. घटसर्प, फऱ्या, गोचीडताप, जखमेचे टाके, सगळं पाठ करून आले होते. आत गेले तर समितीपुढे तर्रीपोह्याच्या बशा. एक सदस्य शेव मागत होते. सरांनी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग तिकडे राहायची भीती नाही का वाटत, हे विचारलं. एवढी विद्वत्ता झाल्यावर गाडी जनावरांवर आली.

"घरी गाई हाय का?"

"हाय सर."

"दूध किती निघते?"

"आमी काढत नाई सर. ते वासराचं असते."

आम्हा आदिवासींकडे गाय असते ती शेणासाठी, बैलांसाठी. दूध तिच्या वासराचं. तो आमचा रिवाज आहे, त्यात समजायला अवघड असं काय आहे? पण सरांना ते अवघड गेलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "घ्या! दूध काढता येत नाई अन् चालली डॉक्टर बनाले. गाई काय शोभेसाठी पाळता काय वो?" समिती हसली. शेववाल्या सदस्यांना ठसका लागला. मी बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी हात वर केला. "बस. या तुम्ही." रोगाचा एक प्रश्न नाही, औषधाचा नाही. मागच्या आवारात जखमी बैल बांधलेला होता, त्याच्याकडे कुणी मला नेलं नाही.

जागा स्वप्निलला मिळाली, सरांच्या मित्राच्या मुलाला. भला मुलगा आहे. बैलाच्या शिंगांची भीती वाटते, हे त्याने मला स्वतः सांगितलं. मुदत संपायच्या आत तो निघून गेला आणि आता ऊर्जानगरच्या बाजूला प्लॉट विकतो. सुखात आहे. त्या काळात मी परजिल्ह्यात कोंबड्यांना लस टोचत होते.

पुढे परीक्षा देऊन नोकरी मिळाली. पहिल्या उन्हाळ्यात पोचूभाऊ या शेतकऱ्याचा बैल आणला, मानेला वाघाचा दात लागलेला. वरून जखम लहान दिसत होती. मी वरची साफ केली आणि टाके घातले. आत ती किती खोल जाते आणि तिला उघडीच का ठेवायची, हे मला कधी कुणी हात धरून दाखवलं नव्हतं. बैल गेला. पोचूभाऊंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी मात्र तो देते, सर, आणि तुम्हालाच देते.

असं मला सरांनी घडवलं! माझी बदली इथे झाली त्या दिवसापासून मी "आमचीच पोरगी" झाले. माणूस एकदा दारातून हाकलायचा आणि तो दुसऱ्या दाराने आत आला की त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा. यालाच काही लोक मार्गदर्शन म्हणतात. मला त्याची चीड येते, हे सभागृहात बोलायला मला संकोच वाटत नाही.

इथेच थांबले असते, पण आज सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. उद्यापासून पदभार माझ्याकडे आहे आणि उद्याच त्या जागेची मुलाखत आहे. सर म्हणाले, "करिश्मा, तेवढं आपल्या मिथुनचं बघून घेजो. दुसरी ते जया, पोंभुर्ण्याकडची, मासे धरणाऱ्याइची हाय. तिले गाई-म्हशीतलं काय समजते?"

मिथुन सरांचा भाचा. तो इथे बसला आहे, खाली बघतो आहे. बाळा, तुझा यात काही दोष नाही. जयाही मागे बसली आहे. सर, आपलं हे सांगणं मी ऐकणार नाही. उद्याच्या मुलाखतीला टेबल नसेल आणि पोहेही नसतील. दोघांनाही जखमी जनावरासमोर उभं करीन आणि दोघांनाही सारखंच विचारीन.

आता विनोदाचा राहिलेला भाग. त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा आई फाटकापाशी बसली होती.

"काय इचारलं त्याइनं?"

मी सांगितलं. ती रागावली नाही. खरोखर कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "असं? मंग त्याइच्या गाईइचे वासरं काय पेतेत?"

 आपण सर्वांनी वर्गणी काढून सरांना पितळी गाय भेट दिली आहे. तिच्या पोटाशी वासरू आहे, तोंड कासेला लावलेलं. सध्या ते हाराखाली झाकलं गेलंय. सर, घरी गेल्यावर हार काढा आणि निवांत बघा. आईला उत्तर कळवायचं असेल तर ती अजून गावातच राहते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मध्ये घंटी वाजवली नाही, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी राहिलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. जास्त काही बोलले, असं मला वाटत नाही.

जया, मिथुन, उद्या सकाळी गोठ्यावर या. जुने कपडे घालून या.