वरचे, खालचे आणि आमची अक्षता

न्हाय पण मला सांगा, ‘वहिनी, तुमचं वरचं गळतंय हो, आम्ही खाली भिजलो!’ या वाक्यात वाईट काय हाय? तुमीच सांगा! घर दुमजली, वर वहिनी, खाली नाना, वरचा नळ गळतोय, मग माणूस जिना चढून सांगणार न्हाय तर काय पोस्टकार्ड टाकणार? ‘वरचे-खालचे’ म्हणून मालिका होती ती, माझ्या लहानपणी दर गुरुवारी लागायची, भवानी पेठेत, पुण्यातल्या न्हवं, आमच्या गावच्या, गल्लीत टीव्ही एकट्या आमच्याकडं, त्यामुळं म्हातारे, सुना, पोरं, सगळी आमच्या चटईवर, आणि कुणाला कुणासमोर मान खाली घालावी लागली न्हाय! काय ती माणसं, काय ते बोलणं... धुतल्या टॉवेलासारखं स्वच्छ! आता माझा टॉवेलाचाच धंदा, मला दुसरं काय सुचणार?

तर आमची पोरगी, अक्षता. पुण्यात नोकरी करते, हितवर ठीक. पण सुट्टीच्या दिवशी माइक घेऊन उभी राहते आणि लोकांना हसवते! परवा घरी आली आणि म्हणाली, ‘अप्पा, माझा एकटीचा दीड तासाचा प्रयोग ठरतोय, पण तुमी हो म्हटल्याशिवाय करणार न्हाय.’ बघा, पोरगी गुणाची हाय, विचारते तरी. पण मी म्हटलं, ‘हल्लीचा विनोद घाण. विनोद असावा तर वरचे-खालचे!’ तर म्हणते कशी, ‘मग एक भाग बघू. त्यात एक जरी चावट वाक्य सापडलं तर तुमी हो म्हणायचं. न्हाय सापडलं तर माइक कायमचा सोडते. निवाडा आजीचा!’ अहो, मालिका माझी, न्यायाधीश माझी अव्वा, म्हंजे आई, काशम्मा, ब्याऐंशी वर्षांची, पूजेशिवाय पाणी न पिणारी... मी जिंकलोच की!

लावला भाग. नाना जिन्यातून ओरडले, ‘वहिनी, तुमचं वरचं गळतंय हो!’ आणि अक्षतानं काय केलं? काय बोलली न्हाय, हसली न्हाय, नुसतं थांबवलं. तीन सेकंद. आणि त्या शांततेत, तुमाला सांगतो, ते वाक्य माझ्याकडं वळून बघायला लागलं! मग वहिनी, ‘अहो, हे घरी नाहीत, तुम्हीच येऊन घट्ट करता का?’ थांबवलं. नाना, ‘येतो की! हत्यार जुनं आहे, पण चालतं!’ थांबवलं! वहिनी, ‘आमच्या ह्यांना तर धड धरताही येत नाही...’ अहो पाना! पाना धरता येत न्हाय! यात वाईट काय हाय, तुमीच सांगा!

पण कमाल त्या नटांची. चेहऱ्यावर एक सुरकुती हलत न्हाय, आत्ताच देवळातनं आल्यासारखे! लिहिणाऱ्याला कळत होतं का न्हवतं, देव जाणे. न्हवतं कळत तर तो संत, आणि कळत असंल तर... त्याहून मोठा!

बघतो तर अव्वाचा पदर तोंडात आणि खांदे गदगदा हलतायत. मी घाबरलो. ‘अव्वा, रडतीस काय?’

‘सुम्न कूड! गप बस की जरा! आता नाना म्हनतो बघ, वहिनी, घाम निघाला पण काम झालं.’

आणि नाना तेच म्हणाले! शब्दन् शब्द!

‘अव्वा! तुला हे पाठ हाय?’

‘अरं, तवा आमी बाया मधीच सैपाकघरात का पळायचो? दूध उतू जातंय म्हनून? दर गुरुवारी दूध कसं उतू जाईल रं! तुज्या बापासमोर हसायची सोय न्हवती, म्हनून आत जाऊन हसायचो. पोरीला करू दे परयोग. आनि मला बी न्यायचं.’

झाला निवाडा! गेलो पुण्याला, पहिल्या रांगेत मी, शेजारी अव्वा. अक्षता आली, म्हणाली, ‘माझे वडील दुकानात गिऱ्हाइकाशी काय बोलतात, तेवढंच सांगते.’ आणि माझाच आवाज काढला हो! ‘मऊ हाय, एकदा हातात घेऊन तर बघा!’ थांबली. ‘भिजल्यावर जरा आकसणारच, त्याला कोण काय करणार?’ थांबली. ‘मोठा पायजे? मोठा माल मागं हाय, आत या, दाखवतो!’ अहो, टॉवेल! टॉवेल! पण ऐकतंय कोण, लोक खुर्च्यांतनं खाली घसरले, अव्वाला ठसका लागला, आणि ही पोरगी... चेहऱ्यावर एक सुरकुती न्हाय! रागवायचं राहिलं बाजूला, ऊर भरून आला माझा. एक शब्द घाण न्हाय, एक शब्द तिचा न्हाय, नुसतं कुठं थांबायचं ते तिला कळतं. उभा राहून टाळ्या वाजवल्या मी.

पण धंद्याचं काय हो? परवा मंद्रूपचा मल्लेश आला, जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, ‘शेठ, मोठ्यातला मऊ दाखवा की.’ मी तोंड उघडलं... आणि मिटलं. काय बोलू? जे बोलावं ते वळून बघतंय! मुकाट्यानं बोट दाखवलं. त्यानं विचारलं, आकसतो का? मी मान हलवली. बिचारा माझ्याकडं बघत राहिला, मग चपला काढल्या, म्हणाला, ‘मौनव्रत हाय व्हय! भर बाजारात! लई मोठी गोष्ट हाय, शेठ!’ आणि वाकून पाया पडला.

काय करता... दिला आशीर्वाद. तोबी न बोलता.