'पण'च्या पुढचं

नेब्रास्कातल्या हायवेवरच्या ट्रक थांब्यावर रॉस्को कॉफी घेऊन रांगेत उभा होता. पुढे एक ट्रकवाला आणि त्याची बायको, ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलतात त्या सीबी रेडिओच्या मोडक्या अँटेनाच्या जागी नवी निवडत होते.

"व्हर्ना, दोन फुटी बास झाली."

"पाच फुटी घे, डेलमर."

"झाडांत अडकते."

"नेब्रास्कात झाडं कुठं आहेत?"

"वारा आहे ना."

"पुन्हा आखूड घेतलीस तर धान्याचं कोठार ओलांडलंस की तुझा आवाज तुटणार."

"माझा आवाज कोणाला हवाय?"

"मला. घरी स्वयंपाकघरातला रेडिओ चालू असतो माझा."

"तो बिघडलाय ना?"

"अकरा वर्षांपूर्वी बिघडला होता. दुसऱ्या दिवशी मीच दुरुस्त केला."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बोलला असतास? रोज सकाळी सगळ्या ट्रकवाल्यांना ऐकवतोस, 'आमच्या व्हर्नाचा मक्याचा पाव म्हणजे चाकाला लावायचा दगड, पण...' आणि तिथंच आवाज तुटतो. अकरा वर्षं मी त्या 'पण'वर लटकलेय."

"पुढे विशेष काही नसतं."

व्हर्ना मागे वळली. "दादा, तुम्ही याच रस्त्यावर ट्रक चालवता ना?"

"वीस वर्षं, वहिनी."

"मग ऐकलं असेल."

"रोज."

"काय म्हणतो हा पुढे?"

रॉस्कोनं डेलमरकडे पाहिलं. डेलमरचे कान लाल झाले होते आणि दोन फुटी अँटेना त्यानं पाठीमागे धरली होती.

"पाच फुटीच घ्या, वहिनी," रॉस्को म्हणाला.