बोरसे सरांचा तिरका टेकू

वडीलधाऱ्या मंडळींनो, आयाबायांनो, पोरांनो, आणि समोर बसलेल्या सरांच्या घरच्या वहिनी,

बोलायला उभी राहिले आहे. बोरसे सर गेले. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी कल्पना, देडतलाईची सून. तुकईथडच्या याच शाळेत त्यांनी मला फिजिक्स शिकवलं, म्हणून मी बी.एस्सी. झाले.

सर म्हणायचे, भौतिकशास्त्राला भिऊ नका, ते तुमच्या शेतातच राहतं. अकरावीत त्यांनी आम्हाला स्वतःच्या केळीबागेत नेलं. अर्ध्या रांगेला सरळ टेकू लावले, अर्धीला तिरके. पुढं वारा सुटला आणि सरळ टेकूची झाडं घडासकट आडवी झाली. सर खूश. म्हणाले, "बळ कुठून लागतं ते पाहा. हेच यांत्रिकी." वहिनी, त्यावरून तुम्ही त्यांना काय काय बोललात, ते आम्ही कुंपणापलीकडून ऐकलंय.

मग माठातलं पाणी उन्हाळ्यात गार का, ही उष्णता. चांदनी स्टेशनात गाडी दिसायच्या आधी रूळ का गुणगुणतात, हा ध्वनी. पाण्याचा तळ वर आल्यासारखा का दिसतो, हा प्रकाश. विहिरीवरची मोटर का फिरते, ही वीज आणि चुंबकत्व. शेवटी अणू. "तो दिसत नाही बेटा, पण म्हणून नुसता मानायचा नाही, तपासायचा."

मी एकदा रडकुंडीला येऊन म्हटलं, "सर, फिजिक्स माझ्या बस की बात नाही." सर म्हणाले, "टेकू लावता येतो ना? मग अर्धं आलंच. बाकीचं मी बघतो."

काल मी त्यांच्या दारात बसले होते. काय कानावर आलं? "आता सरच नाही, पोरीले आर्ट्स देऊन टाकू." बोलणारे इथंच बसलेत. नाव घेत नाही. पण दादा, विचारते, फिजिक्स शिकायला पोरीला रोज बुऱ्हाणपूरला पाठवाल? नाही पाठवणार. मग सरांच्या चितेवर तिचं फिजिक्सही जाळलं का आपण?

नाही. उद्यापासून सरांचा हा वर्ग मी घेणार. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, सासरी सांगून आले आहे. सरांइतकं मला येत नाही. शिकवता शिकवता येईल.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं सरांना मनात आठवू. आणि मौन सुटलं, की ज्यांच्या पोरी उद्या वर्गात येणार, त्यांनी हात वर करावा. सरांना फुलं पुष्कळ वाहून झाली. आता हात दिसू द्या.