मेलिताबाईंनी आमेन म्हटलं नाही

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, पुढची सतरंजी काही चावत नाही. आज एक प्रश्न घेऊन आले आहे. आपल्याला एखादी गोष्ट लोकांच्या भल्याची वाटते, पण आपल्या नावाला कुणी विचारत नाही. मग ती मोठ्या माणसाच्या नावावर खपवावी का? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा. कुणीच नाही? वा! सगळे संतच जमलेत – मग मी घरी जाते!

नाही जात. ऐका. बायबलच्या नव्या करारात पत्रं आहेत ना? त्यांतली काही कुणी लिहिली, केव्हा लिहिली, यावर विद्वान अजून वाद घालतात. प्रेषितानं, म्हणजे येशूचा निरोप घेऊन फिरणाऱ्यानं, स्वतः, की तो गेल्यावर त्याच्या नावानं दुसऱ्या कुणी? तो वाद मी सोडवणार नाही. मी गोष्ट सांगते. आणि ही शास्त्रात शोधू नका हं. मी रचली आहे – माझ्याच नावावर.

रोमी साम्राज्याच्या आशिया नावाच्या प्रांतात लोकर रंगवणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथं मेलिताबाई नावाची म्हातारी विधवा राहायची. रंगात बुडवून बुडवून हात कोपरापर्यंत लाल झालेले, धुतले तरी न निघणारे. तेव्हा चर्चची इमारत कुठली! तिच्याच अंगणात, रंगाच्या रांजणांमधून वाट काढत मंडळी जमायची. आमच्या लहानपणीही उपासना अशीच कुणाच्या तरी ओसरीवर व्हायची, आणि उपदेशाच्या आधी आतून भाकरीचा वास यायचा. उपदेश विसरले. वास आठवतो.

तर, असाच एक प्रेषित तरुणपणी एक हिवाळा मेलिताबाईंच्या घरी राहून गेला होता. आता तो नव्हता, आणि त्या गावात त्याला ऐकलेलं एकच माणूस उरलं होतं – ही बाई. दर प्रभुवारी, म्हणजे रविवारी, भाकर मोडून झाली, की ती सांगायची, ते असं म्हणाले, याचा अर्थ असा. आणि पुरुषमंडळी ऐकायची.

पण मंडळी वाढली. चार बरे कपडे घालणारे आले, आणि बाजारात कुजबुज सुरू झाली, की त्या घरात बाई शिकवते आणि मिशीवाले माना डोलावतात. हे सगळ्यांत जास्त लागलं कालिस्ताला. कालिस्त मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे पुढारी. आई लहानपणीच गेली, मेलिताबाईंनीच त्याला वाढवलं, अक्षरं शिकवली. बाहेरच्यांचा राग एक दिवस या अंगणात शिरेल, अशी त्याला धास्ती. शिकवणं थांबवा, असं त्यानं बाईंना सुचवून पाहिलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, आधी जेव.

मग एका प्रभुवारी कालिस्त पत्र घेऊनच आला. म्हणाला, प्रेषितानं पूर्वी आपल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे, दुसऱ्या गावी राहून गेलं होतं. मेलिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढ्या वर्षांनी त्या माणसाचा शब्द! कालिस्त वाचू लागला. नमस्कार सुंदर. दुःखात धीर धरा, तेही सुंदर. बाई मान डोलावत होत्या. आणि पुढं आलं – बाईनं मंडळीत शिकवू नये, तिनं गप्प राहावं. निघताना मी तुमच्या वडिलांना, आणि कालिस्ताला सर्वांत आधी, तशी आज्ञा दिली आहे.

बाईंची मान थांबली.

का थांबली? अहो, प्रेषित निघाला तेव्हा त्या गावात वडीलबिडील कुठले? होते कोण, तर मेलिताबाई, त्यांचा नवरा आणि दोन रंगारी. आणि आज्ञा मिळालेले हे कालिस्त वडील? दुपट्यात! वडिलांना अजून दात यायचे होते!

आता गंमत बघा. पत्र खोटं आहे हे सांगू शकणारी सगळ्या गावात एकच बाई. आणि पत्र म्हणतं, बाईनं बोलायचं नाही. बोलली तर आज्ञा मोडली. नाही बोलली तर उद्यापासून तोंड कायमचं बंद, आणि प्रेषिताच्या तोंडी ते कधी न बोललेले शब्द. सांगा, काय करावं तिनं?

त्या मंडळीत रीत अशी, की पत्र वाचून झालं की एकेकानं आमेन म्हणायचं, घरधन्यानं शेवटी. सगळ्यांचं आमेन पडलं की पत्र पेटीत जायचं, मग ते मंडळीचं. आमेन फिरत फिरत आलं. सगळ्यांचं झालं. मेलिताबाई आपल्या लाल हातांकडे बघत बसल्या.

"आई, तुमचं आमेन राहिलं," कालिस्त म्हणाला.

बाई गप्प.

"आई, बोला ना."

"बोलू? मंडळीत?"

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. कालिस्ताचे कान लाल झाले. "बोला."

"ही परवानगी तुझी, की त्यांची?"

कालिस्तानं पत्र खाली ठेवलं. मग बाई बोलल्या. "ते निघाले तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. त्यांनी तुला घेतलं आणि तू त्यांचा झगा ओला केलास. आज्ञा म्हणशील तर एकच केली. मला. पाणी आण म्हणून."

अंगण हसलं. कालिस्त हसला नाही. तो जवळ येऊन बसला. "आज ते असते तर हेच म्हणाले असते, आई. बाहेरचे लोक दगड उचलतील. मला तुम्हांला वाचवायचं होतं."

"मग खाली तुझं नाव घाल. मी भांडेन तुझ्याशी. कदाचित ऐकेनही."

"माझ्या नावानं कोण ऐकतंय?"

"मी ऐकतच आले की रे. तू बोबडं बोलायचास तेव्हापासून."

पत्र पेटीत गेलं नाही. त्या दिवशीही बाईंनीच शिकवलं. पण थांबा, टाळ्या नकोत! पत्राची एक नक्कल सकाळीच लोकरीच्या व्यापाऱ्यांबरोबर शेजारच्या गावी गेली होती. तिथं एका सुरात आमेन झालं. कारण तिथं त्या बाळाला कडेवर घेतलेलं कुणी नव्हतं.

कालिस्ताला लाज वाटली. त्यानं त्या गावाला दुसरं पत्र लिहिलं – भावांनो, पहिलं पत्र मीच लिहिलं होतं, क्षमा करा. खाली स्वतःचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा. तिथल्या वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं. प्रेषिताच्या पत्राला खोटं म्हणणारा हा कोण कालिस्त? आणि एकमतानं ठरवलं, की हे दुसरं पत्र बनावट आहे.

हसलात? हसा. पण मला सांगा, आपण काय करतो? आपल्याला मुलगी शिकायला पाठवायची नसते, आणि म्हणतो, देवाची इच्छा नाही. आपल्याला भावाकडे जायचं नसतं, आणि म्हणतो, वडिलांनी जाताना सांगितलं होतं. मेलेली माणसं नाही म्हणायला येत नाहीत ना!

उद्या सकाळी सुनेला काही सांगायचं असेल, तर "आमच्या सासूबाईंच्या वेळेपासून" असं म्हणू नका. "मला वाटतं" एवढंच म्हणा. आणि मग बघा, ती ऐकते का.