गोठ्याचं दार शाळेला

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले सरपंच गेणभाऊ, घोडेगावहून मुद्दाम आलेले केंद्रप्रमुख साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या शाळेच्या इंद्रायणीबाई, समोर बसलेल्या माता-भगिनी, ग्रामस्थ मंडळी आणि बाळगोपाळांनो,

मागं ऐकू येतंय ना? शिक्षण माझं तिसरीपर्यंत. पण तुम्ही मला शाळेच्या समितीत बसवलंत आणि आज तर बोलल्यावाचून मला राहवणार नाही!

बाई, तुम्ही या वाडीवर आलात तेव्हा आमची एक रीत होती. शाळा बघायला कोणी येणार म्हटलं की कुणी घरची सतरंजी आणायचा, कुणी पाण्याचा पिंप. मुलींच्या संडासाला दार नव्हतं, तर सरपंचांच्या गोठ्याचं दार काढून तिथं लावायचं. पाहुणे खूश! भाकरी-कालवण खाऊन जायचे आणि वर कळवायचे, इथं सगळं व्यवस्थित आहे. मग आम्हाला काय मिळणार? गाडी वळणाआड गेली की दार परत गोठ्याला. गेणभाऊ, हसू नका, तोवर म्हैस तुमचीच मोकाट सुटायची.

आणि पोरी? माझी नात संस्कृती तेव्हा तिसरीत. शाळेतली खिचडी खाऊन घरी आली की परत जायची नाही. आम्ही तिला आळशी म्हणायचो. बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, पोरगी सकाळपासून पाणी न पिता बसते. असलं माईकवरून बोलू नये म्हणतात. पण कुठंच बोललो नाही तर कुणाला कळणार?

गेल्या साली पुण्याची एक संस्था शाळांना काय हवंय ते बघायला निघाली. आमची उचलाउचल सुरू झाली आणि बाई आडव्या आल्या. या वेळी घरातलं काही आणायचं नाही म्हणाल्या. गेणभाऊ तापले, "बाई, पावण्यांपुढं गावाची लाज घालवता व्हय?"

बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरी रोज दुपारी घरी पळतात, त्याची लाज कुणाला?"

मला घोर लागला. आधीच पट कमी. हे बघून शाळाच बंद केली तर? आमची कारभारीण लंकाबाई तर कळशी घेऊन निघालीच होती. बाईंनी तिला वाटेतूनच माघारी फिरवलं.

पाहुण्यांत एक ताई होत्या. लांबचा प्रवास. थोड्या वेळानं त्यांनी हळूच बाईंना विचारलं. बाईंनी बोट दाखवलं. ताई संडासाच्या त्या बिनदाराच्या खोलीपाशी गेल्या आणि तशाच परत आल्या. मग लंकाबाईनं त्यांना आमच्या घरी नेलं. वाटेत म्हणाली, "ताई, तुमी एक दिस आलाय. आमच्या पोरींना रोजचं हाय."

आणि दिवाळीआधी संस्थेकडून दार आलं, आतून कडी आली, टाकी बसली, नळाला पाणी आलं! आता शाळा सुटली तरी पोरी घरी येत नाहीत, हाका मारून घसा बसतो माझा.

बाई, तुमची बदली आणे पठारावर झाली. तिथला उन्हाळा कडक, जपून राहा. वाडीच्या वतीनं तुमचे आणि सर्वांचे आभार. माझं बोलणं चुकलं असेल तर म्हातारा म्हणून सोडून द्या. पण आजच्या पाहुणचारात काही कमी पडलं असेल, तर ते मात्र पोटात घालू नका, निघायच्या आधी तोंडावर सांगा. आणि साहेब, दुसऱ्या खोलीचं छप्पर कोपऱ्यात गळतं. पोरांनी तिथं हौसेनं पताका लावल्यात. त्या जरा बाजूला करून बघा.