कोनाला सांगू नको

— लेक्चरात माझं नाव नाय घेतलं म्हंता? अवो मॅडम, दिवाळे गावात मासळी इकनारी, उजवा हात लुळा, एकुलता पोरगा खांदेश्वरला फ्लॅटमदी — मंग नाव कशाला पायजे? अशी येसूबाय एकच हाय. उभ्याच रावा, बसायचा टब वला हाय. मी मांदेली कापते, तुमी आयका. बगा, ह्योच हात. चालतो ना? झकास चालतो. डॉक्टर म्हनला नस बरी, हाड बरं, नि तुमच्याकडं धाडलं, मनाच्या डॉक्टरकडं. तुमी ना गोळी दिलीत, ना सुई. गोष्ट सांगितलीत — तुमचा अभ्यासच तो, नाय का, येशूनं त्या काळात मानसं बरी केली त्यात देव किती नि मन किती. तळ्याकाठी चटईवर पडलेला तो मानूस, जलम गेला पडून, नि येशू त्याला इचारतो, तुला बरं व्हायचंय का? मी हसले. म्हनले, ह्ये काय इचारनं झालं? — घरी जाऊन रडले.

कारन मला बरं व्हायचंच नवतं. ह्ये तुमाला सांगितलं, एकवीरा आयला पन नाय सांगितलं. नवरा गेला, पोरगा कल्पेश बायकोला घेऊन तिकडं खांदेश्वरला गेला, रविवारी फोन करायचा. हात पडला तवापासून रोज संध्याकाळी गाडी काढून यायचा. काटं काढून घास भरवायचा — काटं काढायला मीच शिकवलेलं त्याला. नाटक नवतं मॅडम, हात खरंच उचलत नवता. तुमीच म्हनलात ना, येसूबाय, तोंडाला मागता येत नाय ते हात मागतो. तवा कुटं बोटं हलली.

आन् लेक्चरात काय म्हनलात? आजाराचा फायदा! सुनंच्या मोबाईलवर आला तो व्हिडिओ, लोकं टाळ्या वाजवतात. कल्पेशनं मला लावून दाखवला. म्हनला, आये, फायदा? मी घास भरवला तो फायदा? — तुमच्यात असंल त्याचा येगळा अर्थ, आमच्या बाजारात फायद्याला एकच अर्थ हाय. उठला नि गेला. आला नाय परत. केसानं गळा कापलात माझा.

नि तुमीच सांगितलेलं — येशू बरं करायचा नि वर बजावायचा, कोनाला सांगू नको. बरी झालेली मानसं गप बसायची नाय, गावभर वरडत सुटायची. इथं उलटंच झालं. मी गप बसले, नि तुमी वरडत सुटलात.

सॉरी नका बोलू. समजावता त्याला? काय समजावनार? बरी हाय मी आता, म्हनून सांगनार? — काल दाराशी गाडी थांबली, कल्पेशच्या गाडीसारखाच आवाज, नि ह्यो हात आपसूक पडला मांडीवर, मी पाडला नाय, शपथ, घासाला तोंड पन उघडलं माझं — दुधवाला होता. मंग उचलला परत. लई येळ उचलत नवता.

ह्ये कशाला बोलले मी तुमाला?

मॅडम — कोनाला सांगू नका.

सरका आता, गिऱ्हाईक हाय. बोला ताय, मांदेली देऊ का बोंबील?