खोडकिडीच्या मागंपुढं

स्वतःच कवितासंग्रह छापतोयस? छाप बाबा, पण आधी माझं ऐक.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी माधवनगरला मास्तर होतो. माझा पहिला संग्रह मी कुपवाडच्या एका छापखान्यातून काढला आणि प्रकाशनाला सांगलीतले एक विद्वान प्राध्यापक आणले. ते माईकवर म्हणाले, "मी या संग्रहाची ओळन् ओळ वाचलीय." शेजारी बसून मी कौतुकानं पुस्तक चाळत होतो. मध्यावर आलो आणि पान उलटायचाच थांबलो. बायंडिंगवाल्यानं माझ्या विरहकवितांच्या जागी दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तिकेची सोळा पानं शिवली होती: 'उसावरील खोडकिडीचा बंदोबस्त'. तीही प्रत्येक प्रतीत!

आता अब्रू जाणार म्हणून महिनाभर मी तोंड लपवून फिरलो. कसली जातेय! त्या प्राध्यापकांनी अनुक्रमणिका बघून परीक्षण लिहिलं, "मधल्या विरहकविता काळजाला भिडतात." शाळेतल्यांनी, पाहुण्यारावळ्यांनी 'छान, छान' म्हणून पाठ थोपटली. खोडकिडीबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. उघडणार कसं? पुस्तक कुणी उघडलंय?

शेवटी गावाकडचे तात्या भेटले. मिलिटरीतून रिटायर होऊन ऊस करणारा माणूस. म्हणाले, "आवं मास्तर, तुमचं पुस्तक लय उपेगी पडलं. पुन्ना पुन्ना वाचलं. सांगितलंय तसं केलं, कीड पार गेली बगा."

माझा पहिला आणि शेवटचा वाचक. मी त्यांना चहा पाजला.

"पर एक इचारू का?" बशी खाली ठेवत तात्या म्हणाले, "त्या खोडकिडीच्या मागंपुढं एवढ्या कविता कशाला घातल्यात?"